बडोद्यात फर्निचर करून घेताना या चुका टाळा

फर्निचरच्या प्रदर्शनातून किंवा एखाद्या हेरिटेज वॉकवरून माणूस घरी येतो तो मोबाइलभर फोटो घेऊन. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येतो, त्याला फोटो दाखवले जातात, ‘अगदी अस्संच हवं’ असं ठरतं आणि काम सुरू होतं. पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे आहे. फोटोत खोलीची रुंदी कळत नाही, छताची उंची कळत नाही, आजीचे दुखरे गुडघे दिसत नाहीत आणि बडोद्याचा पावसाळाही दिसत नाही.

लक्ष्मी विलास पॅलेस १८९० साली पूर्ण झाला. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या निधनानंतर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेलं. त्या दालनांच्या उंचीत भारी कोरीव सोफा शोभतो. फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत तोच ठेवला तर चालायला वाट उरत नाही. पॅलेस बघाच, रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघा, एम. एस. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतल्या विद्यार्थ्यांचं काम मांडलेलं असेल तेव्हा जरूर जा. पण कुठल्याही प्रदर्शनाला जाताना खिशात टेप ठेवा. आवडलेल्या खुर्चीवर थोडा वेळ बसा, मग बैठकीची उंची मोजा. १७-१८ इंच बहुतेकांना जमते. गुडघे दुखत असतील तर १९ बरी, आणि खुर्चीला असे हात हवेत की त्यावर जोर देऊन उठता येईल. खण पूर्ण बाहेर ओढा, टेबलाखाली वाकून बघा, कपाटाची पाठ बघा. दर्शनी बाजू सगळेच चकचकीत करतात.

घरची मापं घेतानाही घाई नडते. भिंती काटकोनात असतील असं धरू नका. कपाटाची जागा खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा, आणि तीही फरशी व स्कर्टिंग बसल्यावर. दोन-तीन सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक हमखास निघतो आणि तेवढ्यानेच कपाटाचं दार भिंतीला घासतं. पलंगाआधी गादी ठरवा, कारण ७२ बाय ७५ आणि ७२ बाय ७८ या दोन्ही मापांच्या गाद्या मिळतात. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहत असाल तर जिन्याचं वळण मोजून कपाट दोन भागांत करायला सांगा.

लाकूड आणि ऋतू

आपल्याकडे मे महिना कोरडा ठणठणीत आणि जुलै दमट. लाकूड हवेतली ओल घेतं आणि आडवं फुगतं. मेमध्ये नेमका बसवलेला खण जुलैत अडकतो. अशा वेळी लगेच रंधा मारू नका, नाहीतर थंडीत तोच खण खुळखुळा होईल. आधी खणाचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर खण गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, दोष बनवण्यात आहे आणि तो मिस्त्रीनेच काढून द्यायचा. कर्ण सारखे असतील तर कडांना मेण चोळून दिवाळीपर्यंत थांबा.

पारंपरिक लाकडी दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते, चिकटवलेली नसते. ती फुगली-आक्रसली तरी दाराला धक्का लागत नाही. हल्ली घाईत त्या खाचेत गोंद भरतात आणि पुढे कोरड्या हवेत फळीला उभी चीर जाते. चौकट जुळवताना समोर उभं राहून हे एवढं जरूर सांगा.

साग घेताना पॉलिशच्या आधी बघा. सोनेरी-तपकिरी गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. सालीलगतचं फिकट लाकूड मात्र वाळवी आणि भुंगा दोघेही खातात, आणि रंग मिसळलेल्या पॉलिशखाली हा फरक दिसत नाही.

प्लायवूड आणि पाणी

‘वॉटरप्रूफ द्या’ एवढं सांगून भागत नाही. बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ या भारतीय मानकाचा साधा प्लाय पुरतो. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लाय घ्या. आठ बाय चारच्या प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का आणि क्रमांक असतो. शीट कापायच्या आधी तो तपासा, नंतर तुकड्यांवरून काही कळत नाही. पुस्तकांची फळी १८ मिलिमीटरची असली तरी तीन फूट मोकळी ठेवली की मधोमध लवते. दोन-अडीच फुटांवर आधार द्या किंवा पुढच्या कडेला दीड इंच सागाची पट्टी उभी लावा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहराच्या कितीतरी भागांत शिरलं. पार्टिकल बोर्ड एकदा पाण्याने फुगला की वाळल्यावर पूर्ववत होत नाही. तळमजल्यावर राहत असाल तर कपाटाची बैठक सरळ फरशीवर टेकवू नका. खाली ग्रॅनाइटची किंवा विटांची बैठक घ्या किंवा स्टीलचे पाय लावा, खालची पट्टी पीव्हीसी बोर्डची करा. फूट-दीड फूट पाण्यापुढे याने कपाट वाचणार नाही, पण फरशी पुसतानाचं रोजचं पाणी आणि चार इंच शिरलेलं पाणी यांचा प्रश्न मिटतो.

झोपाळा

बडोद्यातल्या मराठी घरालाही झोपाळ्याशिवाय करमत नाही, आणि सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते. पाट, पितळी कड्या आणि दोन माणसं मिळून २०० किलो धरा. झोका ३० अंशांपर्यंत गेला की खालून जाताना हुकांवरचा ताण २५० किलोच्या वर जातो, आणि दर झोक्याला तो कमी-जास्त होत राहतो. मागाहून ड्रिल करून ठोकलेला फास्टनर अशाने हळूहळू सैल पडतो. पीओपीच्या छतात हूक लावण्याचा तर विचारही नको. खरा हूक स्लॅब भरतानाच सळ्यांना बांधलेला असतो. तयार फ्लॅटमध्ये तो नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, तो नको म्हणाला तर स्टँडचा झोपाळा करा. मुलं उभं राहून झोका घेतात, तेव्हा यात तडजोड नको.

दोन हुकांमधलं अंतर पाटाच्या कड्यांइतकंच ठेवा. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे सोडा आणि त्या वाटेत काचेचं शोकेस नको. झोपाळा कुरकुरतोय म्हणून नुसतं तेल सोडून थांबू नका. शिडी लावून वरची कडी हुकावरून उतरवा आणि हुकाच्या आतल्या वळणावर बोट फिरवा. तिथे चकचकीत खाच लागली तर लोखंड तेवढं झिजलं आहे. हूक स्लॅबमधलाच असेल तर पुन्हा इंजिनिअरला दाखवा, सुटा, काढता येण्याजोगा असेल तर बदलून बेअरिंगचा घ्या.

बडोद्याजवळच्या संखेडा गावचा रंगीत लाखकामाचा झोपाळा किंवा सोफा घेतला असेल तर त्याची निगा वेगळी. सागाचे कातीव पाय, कथलाची नक्षी अकीकाच्या दगडाने घोटून चमकवलेली, वर लाखेचा थर, म्हणून ती सोन्यासारखी दिसते. पण लाख उष्णतेने मऊ पडते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. गरम चहाचा कप सरळ ठेवू नका, सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसू नका. मऊ कोरडं फडकं पुरे.

बिघाड झालाच तर

कपाटाचं दार उतरलं की लोक बिजागरी बदलायला निघतात. ऑटो बिजागरीला दार वर-खाली, आत-बाहेर आणि डावी-उजवीकडे सरकवायचे स्क्रू असतात. आधी ते फिरवून बघा. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात गोंद लावलेली बांबूची काडी ठोका, वाळू द्या आणि मग स्क्रू कसा.

पिठासारखी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर तो भुंगा आहे, भोकाभोकात औषध सोडावं लागतं. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि ती बहुधा जमिनीतून वर येते. फर्निचरला नुसता फवारा मारून ती जात नाही, भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध घालावं लागतं. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याआधी खण काढून, टॉर्च लावून कपाटाची पाठ आणि तळ नीट तपासा.