टर्बोवाली छोटी एसयूव्ही गावात घ्यायची असेल तर काय पाहायचं अन् कशी सांभाळायची

दिवाळीपासून आमच्या दारव्ह्याकडचे तीन-चार जण एकच विचारून राहिले, भाऊ टर्बो घेऊ का साधी घेऊ. शोरूममध्ये स्क्रीन दाखवतात, सनरूफ दाखवतात, पण इंजिनाबद्दल धड कोणी बोलत नाही. माझ्याकडं अडीच वर्षांपासून निसान मॅग्नाइट टर्बो आहे, मॅन्युअल गिअरची, रोज शेत-गाव-यवतमाळ अन् महिन्यातून एखाद वेळा नागपूर. जे कळलं ते सगळं लिहून ठेवतो म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

आधी टर्बो म्हणजे काय ते समजून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. इंजिनात पेट्रोल जळल्यावर जी गरम हवा सायलेन्सरकडं जाते ती वाटेत एक छोटं चाक फिरवते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात घालतं. दाबलेली हवा तापते म्हणून मधात इंटरकूलर लागतो, तो तिला थंड करतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो अन् फक्त ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, हे नीट ध्यानात ठेवा.

आकड्यात सांगतो. मॅग्नाइटचं साधं इंजिन अन् टर्बो इंजिन दोन्ही 999 सीसीचे, तीन सिलिंडरचे. साधं 72 पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) अन् 96 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे चाक फिरवायचा जोर) देतं, टर्बो मॅन्युअलमध्ये 100 पीएस अन् 160 न्यूटन मीटर. पीएसपेक्षा टॉर्ककडं पाहा, कारण पाच माणसं, मागं डिक्कीत तुरीचं एक पोतं अन् एसी चालू असताना चढावर गाडी ओढतो तो टॉर्कच. रेनॉ कायगरमध्येही हेच इंजिन आहे. मारुती फ्रॉन्क्सचं 1 लिटर टर्बो 100 पीएस अन् 148 न्यूटन मीटरच्या आसपास, स्कोडा कायलॅकचं 115 पीएस अन् 178, टाटा नेक्सॉनचं 1.2 लिटर 120 पीएस अन् 170. सगळ्या चार मीटरच्या आत का, तर करामुळं. पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत अन् लांबी 4 मीटरपर्यंत असली तर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के लागतो, त्याच्यावर गेली की 40. मॅग्नाइटची लांबी 3994 मिलिमीटर आहे, म्हणजे काटेकोर मोजूनच बनवलेली.

आता टेस्ट ड्राइव्ह. इथंच लोक चुकतात, एकटे बसतात, शहरातल्या गुळगुळीत रोडवर दोन किलोमीटर फिरवतात अन् चेक देऊन मोकळे होतात. घरचे चार जण सोबत न्या, दुपारी एक-दोन वाजता जा, एसी फुल करा. मग तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पार हळू होऊ द्या, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) 1200-1300 वर येऊ द्या अन् अॅक्सिलरेटर दाबून पाहा. गाडी आधी थोडी झोपल्यासारखी वाटेल अन् 1800-2000 च्या पुढं एकदम उठेल, या मधल्या वेळाला टर्बो लॅग म्हणतात, प्रत्येक गाडीत कमी-जास्त असतोच. माझ्या गाडीचा पूर्ण टॉर्क 2800 ते 3600 आरपीएममध्ये मिळतो, सीव्हीटीवालीत (हातानं गिअर टाकावे न लागणारी ऑटोमॅटिक) 152 न्यूटन मीटर आहे पण तो 2200 पासून 4400 पर्यंत मिळतो, म्हणून गावातल्या बाजाराच्या गर्दीत सीव्हीटी जास्त नरम वाटते. आणखी एक करा, चढावर गाडी थांबवून परत उचलून पाहा आणि भरलेल्या गाडीनं गावच्या उंच स्पीडब्रेकरवरून जा, खाली घासते का ते कान देऊन ऐका.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच ते, मॅग्नाइट-कायगरचा 205 मिलिमीटर, नेक्सॉनचा 208, फ्रॉन्क्सचा 190, कायलॅकचा 189. पंधरा मिलिमीटरनं काय होतं असं वाटेल, पण आपल्या पांदण रस्त्यावर बैलगाड्या अन् ट्रॅक्टरनं दोन बाजूला चाकोऱ्या खोल झालेल्या असतात अन् मधात मातीचा उंच कणा उरतो, तिथं हे पंधरा मिलिमीटरच गाडीचं पोट वाचवतात. पण नावात एसयूव्ही आहे म्हणून पावसाळ्यात वावरात घालू नका. वर सांगितलेल्या सगळ्या गाड्या फक्त पुढच्या चाकावर चालतात, अन् आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टायर सपाट गोटा होतो. माझी दोन वर्षांआधी जुलैमध्ये रुतली होती, मी अॅक्सिलरेटर दाबत गेलो अन् टर्बोची ताकद अचानक आल्यानं चाक आणखी खोल गेलं, शेवटी ट्रॅक्टरनं ओढावी लागली. अशा वेळी दुसरा गिअर, एकदम हलका पाय, अन् नाहीच निघाली तर थांबून चाकाखाली तुराट्या-पऱ्हाट्या टाका.

गिअरबॉक्सबद्दल माझं मत सरळ आहे. गावखेड्यात असाल, मेकॅनिक दूर असेल, तर मॅन्युअल घ्या. सीव्हीटी चालवायला सोपी आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन दवाखान्यात जायला तर फारच आरामाची, पण चिखलात घसरत राहणं अन् सतत ओझं ओढणं तिला मानवत नाही. सात गिअरवाली ड्युअल क्लच (दोन क्लचची ऑटोमॅटिक), जी ह्युंदाई व्हेन्यूच्या टर्बोत मिळते, तिचा क्लच कोरडा असतो अन् मुंगीच्या चालीनं चालणाऱ्या गर्दीत तापतो.

आता सांभाळायचं कसं, हे नीट वाचा. एप्रिल-मेमध्ये अकोला, वर्धा, चंद्रपूर 45 च्या वर जातात, अशा हवेत टर्बोचं काम दुप्पट अवघड होतं कारण आत येणारी हवाच गरम असते, मग इंजिन स्वतःला वाचवायला ताकद थोडी कमी करतं. इंटरकूलर अन् रेडिएटर स्वच्छ असेल तर हा फरक कमी जाणवतो. आपल्याकडं नोव्हेंबरपासून जिनिंगकडं कापसाच्या गाड्या लागतात, रस्त्यावर रुई उडते, ती पुढच्या जाळीतून आत जाऊन पातळ पत्र्यांवर चिकटते, वरून धूळ बसते अन् नमद्यासारखा थर होतो. महिन्यातून एकदा गाडी पूर्ण थंड असताना साध्या पाइपनं हलक्या धारेनं धुवा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची बंदूक जवळ आणू देऊ नका, ते पत्रे इतके नाजूक असतात की वाकले की हवा जाणं बंद.

एअर फिल्टर. बऱ्याच कंपन्या 10 हजार किलोमीटर किंवा एक वर्षाला सर्व्हिस सांगतात, पण पुस्तकात धुळीच्या भागासाठी वेगळी ओळ असते, ती कोणी वाचत नाही. माझा फिल्टर 6 हजारालाच काळा-लाल होऊन गच्च भरला होता, गाडी जड झाली, मायलेज पडलं, तेव्हा समजलं. मी आता 5 हजाराला उघडून पाहतो. फुंकून, झटकून परत लावायचा नाही, बारीक छिद्र पडलं तर धूळ सरळ टर्बोच्या चाकावर जाते.

ऑइलमध्ये पैसे वाचवू नका, हे हात जोडून सांगतो. पुस्तकात जो ग्रेड लिहिला आहे तोच सिंथेटिक, अन् धुळीत-उन्हात चालत असेल तर मुदतीच्या आधीच बदला. एका ठिकाणी मला हेच ऑइल सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून ड्रममधलं टाकून देत होते, मी तिथून निघून चाळीसेक किलोमीटर यवतमाळला गेलो. कूलंटही तयार मिळतो तोच टाका. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी तर अजिबात नाही, आतून क्षार बसतात अन् टर्बोला थंड करणारी नळी बारीक होत जाते.

चालवताना दोनच गोष्टी. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा, पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा म्हणजे ऑइल सगळीकडं पोहोचतं. अन् समृद्धीवरून 110-120 नं आल्यावर किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून आल्यावर झटक्यानं चावी फिरवून बंद करू नका, एक मिनिट इंजिन नुसतं चालू द्या, नाहीतर तापलेल्या दांड्यावरचं ऑइल तिथंच जळून कोळसा होतं. ओव्हरटेक करताना चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये 1500 आरपीएमवर दाबून वाट पाहत बसू नका, दोन पदरी रोडवर समोरून संत्र्याचा ट्रक येऊन राहिला असेल तर तो लॅग जिवावर येतो. आधी गिअर खाली घ्या, सुई 2500 च्या वर आणा, मग बाहेर पडा.

मायलेज कंपनी 20 च्या जवळ सांगते. माझं गावात 13-14 येतं, महामार्गावर 90-100 ठेवलं तर 16-17, समृद्धीवर 120 ठेवलं की 12-13 वर येतं. टाकी 40 लिटरची आहे त्याप्रमाणे हिशोब लावा.

सेकंडहँड घेणार असाल तर गाडी थंड असतानाच पोहोचा, मालकाला आधीच सुरू करून ठेवू देऊ नका. सुरू केल्यावर निळसर धूर येतो का पाहा, इंटरकूलरच्या रबरी नळ्यांच्या जोडावर ओलं ऑइल आहे का बोट फिरवून पाहा, अन् 2000 आरपीएमच्या पुढं सायरनसारखी बारीक शिट्टी वाढत गेली तर सौदा थांबवा. हलकी शिट्टी टर्बोची असतेच, तिला घाबरू नका. गाडी एप्रिल 2023 च्या आधी बनलेली असेल तर पेट्रोलच्या झाकणाजवळ ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लिहिलं आहे का बघा कारण आता पंपावर तेच मिळतं. अन् सर्व्हिसची बिलं मागा, त्यात ऑइलचा ग्रेड अन् किलोमीटर दोन्ही लिहिलेले असले पाहिजेत, नुसता शिक्का चालत नाही.