गाडी लागणाऱ्यांनी घाटात शिरायच्या आधी

आंबा घाटाने कोल्हापूरला जायचंय आणि घरात गाडी लागणारं एक तरी माणूस आहे, तर आधी गोळी. पर्समध्ये नाही, पोटात. रत्नागिरी सोडतानाच घ्यायची, साखरप्याला चहाला थांबू तेव्हा घेऊ म्हणालात तर झालंच, कारण साखरपा सुटला की घाट आलाच आणि गोळी लागू पडायला तासभर तरी द्यावा लागतो. मागच्या वेळी आमची अख्खी पट्टी न फोडता कोल्हापूरला पोचली, माणसं कशी पोचली ते विचारू नका. आणि उलट्या सुरू झाल्यावर गिळाल तर ती उलटीतच बाहेर, म्हणून परत सांगतेय, आधी.

आमची गोळी अव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन नावाचं औषध, त्याने झोप येते, सो ड्रायव्हरने घ्यायची नाही (तसंही स्टिअरिंगवर असलेल्याला सहसा लागत नाही, वळण त्याला आधीच कळलेलं असतं). दोन वर्षांखालच्या पोराला तर अजिबात नाही. मोठ्या मुलांचा डोस डॉक्टरला विचारा, अंदाजाने अर्धी तोडून देऊ नका प्लीज.

खाणं थोडंच, पण उपाशीही निघू नका, रिकाम्या पोटी जास्तच मळमळतं. मऊ भात किंवा एखादं घावन पुरे, तिखट कालवण परत आल्यावर. आलेपाक खिशात ठेवा, काहींना बरं वाटतं, पण गोळीच्या ऐवजी नाही हां.

एसटीत मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट नको, तिथे सगळ्यात जास्त आपटतं. पुढे बसा, नजर लांब रस्त्यावर. मोबाईल बंद म्हणजे बंद! डोळे म्हणतात आपण एका जागी आहोत, आतल्या कानाला वळणं कळत असतात, आणि दोघांच्या भांडणात मार खातं पोट. कारमधलं ते गोड वासाचं फ्रेशनर आधी काढून टाका. पाहुण्यांसाठी सुकट-बोंबील नेताय तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नुसत्या पिशवीत बांधून वास थांबत नाही.

उलटीच्या पिशव्या डबल करून मांडीवर, डिकीत नाही. भोकं बघून घ्या, हे सांगायला लागू नये पण लागतं. पाणी, नॅपकिन वगैरे असतंच.

मालवणला किल्ल्यावर जाताना होडीत मधे बसा, इंजिनच्या धुरापासून लांब, आणि पाण्याकडे नाही तर क्षितिजाकडे बघा. तिथेही गोळी जेट्टीवर पोचल्यावर नाही, तासभर आधी.

लागलीच गाडी तर वळण सोडून रुंद जागी थांबा, वारा घ्या, पाणी घोटघोट. येताना तोच घाट उतरायचाय, सकाळची गोळी तोपर्यंत पुरते का ते केमिस्टला आधीच विचारून ठेवा. आणि गोळीचा अलार्म आत्ताच लावा, निघायच्या गडबडीत कोणाच्याही लक्षात राहत नाही.