उणे पस्तीसमधली वायर : ब्लास्ट फ्रीझरच्या वायरिंगमध्ये नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

रत्नागिरी किंवा तळोज्यातल्या मासळी प्रक्रिया कारखान्यात, आइस्क्रीमच्या गोदामात किंवा औषधांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून रुजू होणाऱ्या बहुतेकांचा हात घराच्या आणि फॅक्टरीच्या साध्या वायरिंगवर बसलेला असतो. तापमान शून्याखाली गेलं की वायरीचं काय होतं, हे आयटीआयच्या कार्यशाळेत क्वचितच पाहायला मिळतं. साठवणीची खोली उणे १८ ते उणे २५ अंशांवर चालते, तर ब्लास्ट फ्रीझरमधली, म्हणजे माल झपाट्यानं गोठवणाऱ्या खोलीतली, हवा उणे ३५ ते उणे ४० पर्यंत उतरते. घरासाठी आणलेलं ९० मीटरचं पीव्हीसी वायरचं बंडल तिथं ओढलं, तर पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसतं. पुढे पंख्याची मोटर बदलायला कोणी ती वायर बाजूला सारतो, आणि वळणावर इन्सुलेशन आडवं तडकतं.

दोष तांब्याचा नसतो, हे आधी लक्षात घ्या. लोखंडाच्या काही जाती थंडीत ठिसूळ होतात, तांबं होत नाही. त्याची स्फटिकरचनाच अशी आहे की उणे ४० काय, उणे २०० लाही ते वाकतं. थंडीत त्याचा रोध मात्र घटतो. ३० अंशांवरून उणे ३५ वर आलं की जवळपास पाव हिश्शानं कमी होतो. सगळी अडचण तांब्यावर चढवलेल्या प्लास्टिकची आहे.

शुद्ध पीव्हीसी हे पाण्याच्या पाइपसारखं कडक प्लास्टिक. साधारण ८० अंशांच्या खाली त्याच्या लांबलचक साखळ्या जागच्या जागी अडकून बसतात. वायरसाठी ते मऊ करायचं म्हणून १०० भाग रेझिनमध्ये ५० च्या आसपास भाग प्लास्टिसायझर, म्हणजे एक प्रकारचं जड तेल, मिसळतात. तेलाचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि कडक होण्याचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. त्यातही डीओपी हे नेहमीचं तेल. त्याचा काही भाग काढून डीओए हे दुसरं तेल घातलं की वायर थंडीत जास्त लवचीक राहते. पण डीओए लवकर उडून जातं, त्यामुळे तीच वायर उष्णतेत लवकर कडक पडते. थंडीचा गुण वाढवला की उष्णतेचा घटतो, आणि कंपाउंड बनवणाऱ्याचं अर्धं आयुष्य या ओढाताणीत जातं. त्यातच स्वस्ताईसाठी चुनखडीची पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जास्त ढकलली की थंडीतला ठिसूळपणा आणखी वाढतो. दोन कंपन्यांची एकाच जाडीची वायर थंडीत वेगळी वागण्याचं हे एक मोठं कारण.

तापमानाच्या एखाद्या रेषेवर वायर अचानक काचेसारखी होत नाही. ती हळूहळू ताठ होत जाते, आणि त्या पट्ट्यात तुम्ही तिला किती झटकन वाकवता यावर सगळं अवलंबून असतं. सावकाश वाकवली तर साखळ्यांना सरकायला वेळ मिळतो. झटका दिला, वरून पाना पडला, तर वेळ मिळत नाही आणि भेग पडते. म्हणून क्लिप मारून बसवलेली, कोणी हात न लावलेली साधी वायरही थंडीत वर्षानुवर्षं चालताना दिसते आणि ‘आमच्याकडे तर चालते’ असा गैरसमज होतो.

कॅटलॉगमध्ये ‘उणे ४०’ छापलेलं दिसलं की पुरवठादाराला तीन आकडे वेगवेगळे विचारा: जागेवर बांधून ठेवलेल्या केबलसाठी किती, सतत हलणाऱ्या केबलसाठी किती, आणि ओढताना किमान किती. तिन्हींत मोठा फरक असतो. साध्या पीव्हीसी केबलसाठी शेवटचा आकडा सहसा शून्य किंवा त्याहून थोडा वर असतो. म्हणजे उणे १५ ला वाकवून पाहण्याची चाचणी पास झालेली केबलसुद्धा उणे १५ मध्ये ओढायची नसते.

दुसरी मेख शीथची, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणाची. आयएस (भारतीय मानक) ७०९८ ची एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथीन) केबल घेतली की थंडीचा प्रश्न मिटला, असं बरेच जण धरून चालतात. आतलं एक्सएलपीई खरोखरच उणे ४० ला दगा देत नाही. पण त्या केबलचं बाहेरचं आवरण पीव्हीसीचंच असतं, आणि तडकतं ते आवरण. तिथून ओल आत शिरते. तेव्हा थंडीची हमी कोअरच्या (आतल्या तारेच्या) इन्सुलेशनची आहे की पूर्ण केबलची, हे लेखी घ्या. कमी धुराच्या, हॅलोजनमुक्त केबलींबाबत तर जास्तच सावध राहा. त्यांत आग रोखणारी खनिज पावडर वजनानं निम्म्याहून जास्त असू शकते आणि केबल थंडीसाठी मुद्दाम बनवलेली नसेल तर चटकन तडकते.

बाकीचे पर्याय थोडक्यात. ईपीडीएमसारखं रबर उणे ४० पर्यंत लवचीक राहतं आणि मोटरच्या जोडणीला चांगलं. पॉलियुरेथेनचं आवरण थंडीतही चिवट, घासलं तरी टिकतं, म्हणून सरकत्या दाराच्या मोटरला आणि हलत्या केबलला तेच घ्यावं. सिलिकॉन उणे ५० च्या खालीही मऊ राहतं आणि बर्फ वितळवणाऱ्या हीटरजवळची १५० अंशांची उष्णताही सोसतं. पण नखानं फाटेल इतकं नाजूक असतं, त्याला ग्लास फायबरची वेणी किंवा स्लीव्ह हवीच. पीटीएफई (टेफ्लॉन) याहून कितीतरी खालच्या तापमानाला चालतं, मात्र ते मुळातच ताठ आणि महाग. सेन्सरच्या बारीक वायरींपुरतं ठीक.

लवचीकपणाचा निम्मा भाग तारांच्या जाडीत असतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या फ्लेक्सिबल वायरमध्ये ०.२५ मिलिमीटरच्या ३० तारा असतात, आयएस ८१३० मधला हा क्लास ५. क्लास ६ मध्ये तारा आणखी बारीक. आत एकच जाड तार असेल तर वळवायला जोर लागतो, तिचं वळण एकाच जागी येतं आणि सगळा ताण इन्सुलेशनच्या तेवढ्याच भागावर पडतो. हलणाऱ्या कामाला क्लास ५ च्या खाली जाऊच नका.

आलेला माल तपासायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. आयएस १०८१० च्या भाग २० मधली कोल्ड बेंड चाचणी ब्लास्ट फ्रीझर असलेल्या कारखान्यात जवळपास जशीच्या तशी करता येते. समजा केबलचा बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर आहे. व्यासाच्या ४ ते ५ पट, म्हणजे ३२ ते ४० मिलिमीटरचा गुळगुळीत रॉड घ्या. केबलचे मीटरभर लांबीचे दोन तुकडे आणि रॉड हे सगळं १६ तास आत ठेवा. मग खोलीतच, हातमोजे घालून, केबल रॉडभोवती ३ वेढे गुंडाळा, एका वेढ्याला ५ सेकंद या वेगानं. व्यास २.५ मिलिमीटरपर्यंत असेल तर १० वेढे, ४.५ पर्यंत ६, ६.५ पर्यंत ४. गुंडाळलेली केबल तशीच बाहेर आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि उजेडात वळणाची बाहेरची बाजू बघा. भेग दिसली की माल परत. तुकडा बाहेर आणून मग वाकवणं म्हणजे चाचणीच नव्हे: बारीक वायर बाहेर आल्यावर मिनिटाभरातच गरम होऊ लागते आणि कसलाही माल पास होतो. १२.५ मिलिमीटरपेक्षा जाड केबलला वाकवण्याऐवजी वजन टाकून आघाताची चाचणी घेतात, ती मात्र उत्पादकाच्या प्रमाणपत्रावरच बघा.

केबल ओढायचं काम खोली थंड करायला सुरुवात होण्यापूर्वी संपवायचं. वेळापत्रकात हे प्लांटवाल्यांकडून आधीच लिहून घ्या, कारण कॉम्प्रेसर चालू झाला की तुमच्यासाठी तो कोणी थांबवत नाही. चालू खोलीतच बदल करायचा असेल तर ड्रम आदल्या दिवसापासून २४ तास बाहेरच्या उबेत ठेवा, लांबी बाहेर कापा, लग (टोकाची धातूची जोडणी) आणि श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) बाहेरच बसवा आणि आत नेऊन लगेच, झटके न देता बसवा. वळणाची त्रिज्या कॅटलॉगमधल्या किमान आकड्याच्या दीडपट तरी धरावी. ४० मीटरची केबल ३० वरून उणे ३५ अंशांवर जाताना आतलं तांबं साडेचार सेंटिमीटरच्या आसपास आखडतं आणि प्लास्टिक त्याहून जास्त. म्हणून ताणून बांधू नका, प्रत्येक टोकाला सैल वळण सोडा. ताणलेली केबल टर्मिनलवरून ओढली जाते आणि केबल घट्ट धरणाऱ्या ग्लँडमधून शीथ मागे सरकते. नायलॉनचे साधे टाय थंड कोरड्या हवेत घट्ट ओढताना तुटतात, त्याऐवजी स्टीलच्या क्लिप वापरा. साधी इन्सुलेशन टेप तर आत चिकटतच नाही.

भिंतीतून केबल आत नेण्याची जागा सर्वांत दुर्लक्षित, आणि सर्वांत जास्त त्रास तिथंच. बाहेरची दमट हवा कॉन्ड्युटमधून आत खेचली जाते, त्यातलं पाणी गोठतं आणि काही आठवड्यांत जंक्शन बॉक्स बर्फानं भरतो. डीफ्रॉस्टच्या वेळी, म्हणजे कॉइलवरचा बर्फ हीटरनं वितळवताना, तो बर्फ वितळून टर्मिनलवर येतो, मग अर्थ लीकेज ट्रिप, तीही रात्री. उपाय सोपा आहे. भिंतीच्या पॅनेलला भोक पाडून एचडीपीईची स्लीव्ह बसवा, केबल गेल्यावर तिची दोन्ही तोंडं सीलंटनं बुजवा, आणि जंक्शन बॉक्स शक्य तेवढे खोलीबाहेर ठेवा. इलेक्ट्रिकलचा नेहमीचा कडक पीव्हीसी पाइप इथं नको, ट्रॉलीचा धक्का लागला की फुटतो. पॅनेल थर्मोकोलचं असेल तर पीव्हीसी वायर त्याला उघडी टेकू देऊ नका. प्लास्टिसायझर वायरमधून थर्मोकोलमध्ये उतरतो. तिथला थर्मोकोल चिकट होऊन खचतो आणि वायर कडक पडते. थंडावा अमोनिया वायूनं तयार होणाऱ्या प्लांटमध्ये पितळी ग्लँडही टाळा. दमट अमोनिया तांबं-पितळ खातो. पॉलिअमाइडचे किंवा स्टेनलेसचे ग्लँड बसवा.

इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे खोली थंड करणाऱ्या कॉइलच्या, डीफ्रॉस्ट हीटरची वायर सगळ्यांत जास्त भोगते. दिवसातून काही वेळा ती उणे ३५ वरून चांगली तापते, वर पाणी, शेजारी पंख्याची थरथर. इथं सिलिकॉनच, आणि हीटरपासून पुरेसं अंतर गेल्यावरच ती दुसऱ्या केबलला जोडा. हीटर बसवण्यापूर्वी आणि नंतर ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणानं) तपासा. १ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर चालू करू नका. बहुतेक वेळा हीटरच्या आत भरलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडनं ओल धरलेली असते, सुकवल्यावर रीडिंग वर येतं.

तापमान दाखवणाऱ्या पीटी १०० सेन्सरला तीन वायरींचीच जोडणी ठेवा. उणे ४० ला त्याचा रोध ८४.२७ ओहम असतो आणि एका अंशाला साधारण ०.४ ओहम बदलतो, त्यामुळे दोन वायरींत लांब लीडचा रोध सरळ रीडिंगमध्ये मिसळतो. एमसीबी थंड खोलीत ठेवू नयेत. ते ३० अंशांना जुळवलेले असतात, थंडीत ओव्हरलोडला उशिरा पडतात.

मुलाखतीला जाताना मोटर कंट्रोल सर्किट आणि डीफ्रॉस्ट टायमरचा क्रम पाठ असला पाहिजे. वायरमन परवाना हातात असेल तर उत्तमच. अमोनिया प्लांट असेल तर गळती झाल्यावर कुठल्या दारानं बाहेर पडायचं, हे पहिल्याच दिवशी विचारा. खोलीत एकट्यानं जायचं नाही, आणि आतून दाबायचा अलार्म चालतो का हे दार बंद करण्यापूर्वी तपासायचं. त्या अलार्मची केबलही याच थंडीत असते, तीही चाचणीच्या यादीत धरा.

हेच कौशल्य लडाखमधल्या प्रकल्पांवर चालतं. वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या स्थानकांसाठी तंत्रज्ञ करारावर घेतं, त्यांत इलेक्ट्रिशियनही असतात. त्या जाहिराती केंद्राच्या संकेतस्थळावर येतात. अर्जात ‘कोल्ड स्टोरेजचा अनुभव’ एवढंच न लिहिता कोणत्या तापमानाची खोली, कोणती केबल आणि कोणत्या चाचण्या स्वतः केल्या, हे लिहा.