साइट सोडण्याआधी: गेटवेच्या दूरस्थ व्यवस्थापनाविषयी नवख्यांसाठी

मुंबईत नेटवर्कच्या कामाला नव्याने लागलेल्यांच्या वाट्याला लवकरच एक काम येते: मुख्य कार्यालय अंधेरीत किंवा बीकेसीत असते आणि गेटवे, म्हणजे तिथले नेटवर्क इंटरनेटला जोडणारा बॉक्स, बसवायचा असतो भिवंडीच्या गोदामात किंवा तळोज्याच्या कारखान्यात. बॉक्स बसवायला एकदा जाता येते, पण पुढची सारी देखभाल दुरूनच करावी लागते, कारण फायरवॉलच्या एका नियमासाठी भर पावसात तिथवर जायचे म्हटले की अख्खा दिवस मोडतो. म्हणून इंटरनेट सुरू झाले की काम झाले असे समजू नये. बाहेरून आत शिरण्याची वाट आणि ती बंद पडलीच तर दुसरी वाट, या दोन्ही तपासल्याशिवाय साइट सोडायची नाही, असे मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

जेवढे कॉन्फिगरेशन कार्यालयातल्या टेबलावर उरकता येईल तेवढे तिथेच उरकावे. कन्सोल केबल (बॉक्स थेट लॅपटॉपला जोडून आज्ञा देण्याची केबल) जोडल्यावर पडद्यावर वेडीवाकडी अक्षरे उमटली तर घाबरू नये. बहुतेक वेळा वेग जुळत नसतो, त्यामुळे 9600 वर ठीक दिसत नसेल तर 115200 लावून पाहावे. फर्मवेअर अद्ययावत करून कारखान्यातून आलेला पासवर्ड तेव्हाच बदलावा. 2016 साली मिराई या मालवेअरने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ असे न बदललेले पासवर्ड एकामागून एक लावून पाहत.

आयपी पत्त्यांची आखणीही याच वेळी करावी. अनेक बॉक्स 192.168.1.0 हीच रेंज घेऊन येतात आणि प्रत्येक शाखेत ती तशीच राहिली, तर पुढे दोन शाखा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित बोगद्याने, जोडताना कोणता पत्ता कुठला हे गेटवेला ठरवता येत नाही. भिवंडीला 10.20.1.0, तळोज्याला 10.20.2.0 अशी वेगळी रेंज देऊन तिची नोंद एका सामायिक तक्त्यात ठेवावी.

व्यवस्थापनाचे पान थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये, हा नियम मी कुणासाठीही शिथिल करत नाही. पोर्टचा आकडा बदलला म्हणून ते लपत नाही, कारण पोर्ट शोधणारी यंत्रे सगळेच आकडे चाचपून पाहतात. टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करण्याची जुनी पद्धत, बंदच करावे, कारण त्यातून पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. एसएसएच (सुरक्षित लॉगिन) आणि एचटीटीपीएस (व्यवस्थापनाचे पान) हे दोन्ही केवळ व्हीपीएनच्या बोगद्यातून पोहोचतील असे ठेवावे. इथे नवख्यांना बहुधा एक अडचण भेटते. शाखेला मिळालेली जोडणी सिमवरची किंवा स्वस्तातली असेल, तर गेटवेच्या वॅन पोर्टवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या पोर्टवर, 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या पट्ट्यातला पत्ता दिसू शकतो. हा पट्टा 2012 साली सेवा पुरवठादारांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. तो दिसला की बाहेरून त्या बॉक्सपर्यंत थेट पोहोचता येणार नाही, हे ओळखावे. अशा वेळी दिशा उलटी करावी: मुख्य कार्यालयात स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्यावा आणि शाखेच्या गेटवेनेच तिथे बोगदा जोडावा. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरत असाल तर शाखेच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) 25 सेकंद ठेवावा, म्हणजे मधल्या नॅटमधली, म्हणजे पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रणेतली, नोंद पुसली जात नाही.

दुरून बदल करताना खरी कसोटी लागते. ज्या वाटेने आपण आत आलो, तिचाच नियम बदलायचा असेल, तर आधी माघारीची सोय करावी. जुनिपर कंपनीच्या बॉक्सवर 'कमिट कन्फर्म्ड' दिले की दहा मिनिटांत पुन्हा कमिट करून बदल पक्का न केल्यास जुने कॉन्फिगरेशन आपोआप परत येते. सिस्कोवर 'रीलोड इन 10' (दहा मिनिटांनी बॉक्स पुन्हा सुरू होऊन जुने कॉन्फिगरेशन घेतो) देऊन मग बदल करावा, तो सेव्ह करू नये, आणि सगळे नीट चालले की 'रीलोड कॅन्सल' द्यावे. मायक्रोटिकमध्ये सेफ मोड आहे. सत्र मध्येच तुटले तर त्यात केलेले बदल मागे घेतले जातात. आज्ञा दिल्यावर उघड्या सत्राकडे बघत समाधान मानू नये, कारण जुनी जोडणी टिकून असली तरी नवी अडू शकते. दुसरी खिडकी उघडून पुन्हा लॉगिन करून पाहावे आणि मगच बदल कायम करावा.

दुसरी वाट शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमची असावी. तिसरी वाट साइटवरच्या माणसांची असते, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना आणि बॉक्सच्या पोर्टखाली मराठीत चिठ्ठ्या चिकटवतो: 'बाहेरचे इंटरनेट', 'गोदामाचा स्विच', 'हात लावू नये'. एकदा रात्री भिवंडीहून वॉचमनकाकांचा फोन आला, "साहेब, बाहेरच्या इंटरनेटचा दिवा गेलाय, गोदामाचा चालू आहे." तेवढ्या एका वाक्यावरून बॉक्स चालू आहे आणि दोष बाहेरच्या जोडणीत आहे हे कळले. "काका, त्या चिठ्ठीची वायर दोन्हीकडून नीट दाबून बघा," एवढे सांगताच दिवा लागला.

घड्याळ आणि लॉग (बॉक्समधल्या घडामोडींच्या नोंदी) यांकडे दुर्लक्ष करू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपावे लागतात आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळलेली ठेवावी लागतात. बॉक्सची साठवण अपुरी असते, म्हणून लॉग मुख्य कार्यालयातल्या सिसलॉग (नोंदी गोळा करणाऱ्या) सर्व्हरवर पाठवावेत.

शेवटची तपासणी साइटवर उभे राहूनच करावी. लॅपटॉप तिथल्या वायफायवरून काढून मोबाइलच्या डेटावर घ्यावा, मुख्य कार्यालयाच्या व्हीपीएनमधून गेटवेत लॉगिन करावे, मग मुख्य जोडणीची केबल काढून सिमवरून पुन्हा आत जाता येते का ते पाहावे. त्यानंतर यूपीएसला येणारी वीज बंद करून बॉक्स तग धरतो का हे बघावे, आणि शेवटी बॉक्स पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण सेव्ह न झालेले कॉन्फिगरेशन तेव्हाच उघडकीस येते. बोगदा आपोआप जोडला गेला की कॉन्फिगरेशनची प्रत कार्यालयात पाठवून रॅकला कुलूप लावावे आणि किल्ली कुणाकडे दिली ते नोंदवून निघावे.