पाणी वाचवताना या चुका टाळा, घरात आणि कुंड्यांमध्ये पण

उन्हाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू, दात घासताना नळ बंद करा, शॉवर नको बादली घ्या वगैरे. बरोबरच आहे हो ते, पण बऱ्याच घरांत पाणी जातं ते न दिसणाऱ्या जागेतून.

पहिला चोर फ्लशची टाकी. आतला रबरी वॉशर झिजला की पाणी कमोडमध्ये गुपचूप उतरत राहतं, आवाज पण नसतो. झाकण काढून टाकीत खायच्या रंगाचे 4-5 थेंब टाका आणि 20-25 मिनिटं कोणाला फ्लश करू देऊ नका. कमोडमध्ये रंग आला तर एकतर वॉशर गेलाय नाहीतर पाणी आतल्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडापर्यंत चढतंय, मग फ्लोट (टाकीतला तरंगणारा गोळा) थोडा खाली करा, पाणी त्या तोंडाच्या इंचभर खालीच थांबलं पाहिजे.

टाकीत वीट टाकायचा सल्ला अजून फिरतोय, प्लीज नका टाकू, वीट पाण्यात झिजते आणि तिचे कण वॉशरखाली अडकून नवीन गळती सुरू होते. जुन्या 10-12 लिटरच्या टाकीत पाणी भरलेली बाटली चालते. नवीन ड्युअल फ्लशमध्ये (3 आणि 6 लिटरवाल्या) ती पण नको, कारण तिथे पाणी आधीच मोजून असतं, अजून कमी केलं की एकदा दाबून भागत नाही, दोनदा दाबावं लागतं आणि वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

दुसरी सवय जरा नाजूक आहे, घरोघरी वाद होतात हिच्यावरून. सकाळी नळ आला की कालचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायचं. अहो, धरणातनं आपल्या नळापर्यंत यायला त्याला किती वेळ लागला असेल! झाकलेल्या स्वच्छ हंड्यातलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही, हात बुडवू नका, ओगराळ्याने घ्या. आणि अगदीच मन मानत नसेल तर कुंड्यांना घाला, पोछाला वापरा.

आरओचं बघा. एक लिटर गाळताना साध्या घरगुती मशीनमधून दोन-तीन लिटर बाहेर जातं. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितलं होतं की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या खाली असेल तिथे आरओ नकोच. म्हणजे आधी टीडीएस मोजा, धरणाचं पाणी येत असेल तर बहुतेक साधा यूव्ही फिल्टर पुरतो. बोअरवेल असेल आणि आरओ लागतच असेल तर ते टाकाऊ पाणी फ्लशला, फरशीला वापरा. रोज कुंडीत नको, क्षार साचतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की समजून जा. वॉशिंग मशीनचं पहिलं साबणाचं पाणीसुद्धा झाडांना नाही, शेवटच्या खंगाळण्याचं ठीक. एसीचं पाणी मात्र बिनधास्त घाला.

आता झाडं, कारण इथे प्रेमापोटी पाणी वाया जातं. पानं पिवळी पडली की लोक अजून पाणी घालतात, आणि बऱ्याचदा पिवळी पडलेली असतात जास्त पाण्यानेच! बोट दोन इंच आत घाला, आत ओल असेल तर त्या दिवशी सुट्टी. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरवरच राहतात आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकतं, त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पण खोलवर, सकाळी लवकर.

पाणी घातलं की लगेच खालून बाहेर येतंय? मग कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पार सुकलंय, ते पाणी धरतच नाही, कडेकडेनं निसटून जातं. अशी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवा, नंतर वरून पालापाचोळा नाहीतर उसाचं पाचट पसरा. गच्चीवर ठिबक असेल तर फिल्टरची जाळी अधूनमधून धुवा आणि नळीच्या शेवटचं बूच काढून पाणी सोडा. एकाच कुंडीचा ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) बंद असेल तर तेवढाच काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, सगळ्या लाइनचा वेळ वाढवत बसू नका, बाकीच्या कुंड्या नुसत्या वाहतील.

आणि कुंडीखालच्या ताटल्या, साठवलेले ड्रम. ड्रमवर घट्ट झाकण हवंच, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून आतून घासायचं, अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. आणि ते ओतलेलं पाणी अर्थातच झाडांना.