पार्सल लॉकरची जागा कशी ठरवावी : कोथरूडचे उदाहरण

पार्सल लॉकर म्हणजे डिलिव्हरीवाल्याने पार्सल ठेवून जायचे आणि ग्राहकाने सवडीने येऊन ओटीपीने उघडायचे कप्प्यांचे कपाट. त्यासाठी मोकळा कोपरा शोधण्याआधी, दिवसा कोणाच्या दाराला कुलूप असते ते शोधावे. कोथरूडमधल्या मोठ्या संकुलांत पार्सल वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवता येते. पण बारा-सोळा फ्लॅटच्या जुन्या सोसायट्यांत बहुधा पूर्णवेळ वॉचमन नसतो, आणि घरातले सगळे कामाला गेले की डिलिव्हरीवाल्याला तीन जिने चढून तेच पार्सल परत न्यावे लागते. खरी गरज इथे आहे. म्हणून परत गेलेली पार्सले पिनकोडनुसार न मोजता इमारतीनुसार नकाशावर मांडावीत.

सिंगापूरमध्ये सरकारी वसाहतींतील रहिवाशांना सुमारे २५० मीटरच्या आत लॉकर मिळावा, या हिशेबाने जाळे उभारले गेले. आपल्याकडेही हे माप धरायला हरकत नाही, मात्र ते पायी चालून मोजावे. पौड रस्त्याच्या पलीकडचा लॉकर नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतो. प्रत्यक्षात दुभाजकाला वळसा घालून, सिग्नलला थांबून तिथे पोचावे लागते. वनाझ, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनी या मेट्रो स्थानकांचा विचार करताना संध्याकाळी सात वाजता जिन्याखाली उभे राहावे आणि उतरणारी माणसे कोणत्या बाजूला वळतात ते पाहावे. लॉकर त्याच बाजूला हवा.

पुणेकर पार्सल न्यायला बऱ्याचदा दुचाकीवरूनच येणार, त्यामुळे दोन मिनिटे गाडी लावता येईल अशी जागा समोर असावी. पदपथ मात्र अडू नये. पावसाळ्यात तिरपी सर येते, तेव्हा नुसता पत्रा पुरत नाही, बाजूलाही आडोसा लागतो. तळघरातले पार्किंग मला तरी योग्य वाटत नाही, कारण तिथे रेंज नसली की ओटीपी येत नाही आणि माणूस दारासमोर ताटकळतो.

कप्प्यांचा हिशेब सोपा आहे. चाळीस कप्पे असतील आणि पार्सल सरासरी दीड दिवस पडून राहत असेल, तर दिवसाला जेमतेम सव्वीस पार्सले मावतात. पार्सले दोन दिवसांहून अधिक पडून राहू लागली, तर लॉकर लोकांच्या वाटेवर नाही असे समजून तो हलवावा. त्यासाठी सुरुवातीला तो भिंतीला बोल्टने आवळावा आणि काँक्रीटचा पक्का ओटा पहिला पावसाळा पाहूनच बांधावा.