बेळगावच्या उद्यमबागेतून गाडी सुटली म्हणजे माल गेला असं नाही: निर्यातीत या चुका टाळा

आमची पहिली खेप अडली ती लाकडासाठी. कास्टिंगचं (ओतीव भागाचं) माप चोख, मशीनिंग चोख. पेटी मात्र जवळच्या वखारीतून घाईत ठोकून घेतलेली. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाला आयएसपीएम-१५ हा नियम लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवायचं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारून घ्यायचा. आमच्या पेटीवर तो नव्हता. गिऱ्हाइकाच्या बंदरावर माल दुसऱ्या पॅलेटवर चढवावा लागला आणि बिल आलं आमच्या नावावर. तेव्हापासून मी पेटीचा शिक्का आधी बघतो, कास्टिंग नंतर. प्लायवूडची पेटी असेल तर ही कटकट नाही.

दुसरी चूक दर सांगतानाची. सगळे ‘एफओबी न्हावा शेवा’ म्हणून मोकळे होतात. एफओबीत, म्हणजे ‘फ्री ऑन बोर्ड’मध्ये, माल न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपली. कंटेनर मात्र आपण त्याआधीच यार्डात सोडून आलेलो असतो. तिथं काही झालं तर भरपाई आपल्या खिशातून, आणि विमा बहुतेकांनी काढलेलाच नसतो. कंटेनरच्या मालाला एफसीए अट बरी: ठरल्या जागी गिऱ्हाइकाच्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला, की जोखीम त्याची. ‘एक्सवर्क्स’, म्हणजे कारखान्याच्या दारातच माल ताब्यात देणं, ऐकायला सोपं, पण त्यात निर्यातीचं कस्टम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतं. जर्मनीतला माणूस इथलं शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा अर्ज) कसं भरणार?

भाड्याचा हिशोब मालागणिक बदलतो. सुट्या खेपेत, म्हणजे पूर्ण कंटेनर आपला नसतो तेव्हा, जहाजवाले टन आणि घनमीटर यांतला मोठा आकडा धरतात. कास्टिंगला टन, निपाणी-अथणीकडच्या चपलांना घनमीटर. विमानानं पाठवाल तर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० नं भागा. ६० × ५० × ४० च्या खोक्याचे २० किलो होतात. आत ९ किलोच्या चपला असल्या तरी पैसे २० किलोचेच. खोकं लहान करा, दरावर घासाघीस नंतर.

भरलेल्या कंटेनरचं पक्कं वजन, म्हणजे व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे. पॅलेट, ठोकळे, पट्ट्या सगळं त्यात धरायचं. ते दिलंच नाही तर कंटेनर जहाजावर चढत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको. कंटेनर बंद केला की आतल्या दमटपणाचं पाणी होऊन छतावरून ठिबकतं आणि मशीनिंग केलेल्या भागावर तांबूस थर चढतो. गंज रोखणारा व्हीसीआय कागद वापरा, ओलं लाकूड आत ठेवू नका.

कागदांचं थोडक्यात. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन अपडेट करावा लागतो, काही बदललं नसलं तरी; नाहीतर तो बंद पडतो. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी (हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नवं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलावर नगांचा आकडा एकच हवा. एलसी (पैशांची हमी देणारं बँकेचं पतपत्र) असेल तर नावातलं एक अक्षरही तपासा, कारण बँक माल बघत नाही, कागद बघते.

आणि कटऑफ, म्हणजे बंदरात कंटेनर पोचवायची शेवटची वेळ. बेळगावहून न्हावा शेवा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत घाट, पुण्याची कोंडी आणि वर बंदराच्या दारातली रांग. गुरुवारी दुपारचा कटऑफ असेल तर बुधवारी रात्री गाडी भरायला घेऊ नका. मंगळवारी सोडा, मग ड्रायव्हरच्या फोनची वाट बघत जागावं लागत नाही.